समुद्रातलं निस्तरणारं जहाज

आजोळच्या विहिरीत बादली पडली की शेजारच्या घरातून गळ मागून आणायचा. चार-पाच वाकड्या लोखंडी आकड्यांचा जुडगा आणि त्याला बांधलेला लांब दोर. विहिरीच्या काठावर ओणवं होऊन दोर हळूहळू सोडायचा, तळाशी चाचपडत राहायचं. आकड्यात काहीतरी अडकल्याचं हाताला जाणवलं की घाई न करता वर ओढायचं. हिसका दिला की बादली सुटली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अमेरिकी नौदलात असाच एक गळ तीस वर्षं काम करत होता. त्याची लांबी ७७.७ मीटर होती आणि नाव होतं ‘यूएसएस ग्रॅपल’. ग्रॅपल म्हणजे धरून ठेवणारा आकडा.

ग्रॅपल सॅल्व्हेज जहाज होतं. ‘सॅल्व्हेज’साठी मराठीत नेमका एक शब्द नाही. बुडालेलं वर काढणं, रुतलेलं सोडवणं, बंद पडलेलं ओढून बंदराला लावणं, पेटलेलं विझवणं, हे सगळं त्यात येतं. मला मात्र आपलं ‘निस्तरणं’ हे क्रियापद त्याच्या सर्वांत जवळचं वाटतं. घटना दुसऱ्या कुणाच्या हातून किंवा निसर्गामुळे घडून गेलेली असते, तिथून पुढचं सगळं निस्तरायला हे जहाज जातं. म्हणून ग्रॅपलच्या सेवेचा इतिहास वाचताना त्यात आपल्याला दुसऱ्यांचे अपघात भेटत राहतात. त्या अपघातांच्या आधारानेच हे काम कसं चालतं ते नीट समजतं.

ग्रॅपलचा जन्म समुद्रापासून फार लांब झाला. विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराच्या काठी स्टर्जन बे नावाचं गाव आहे. तिथल्या पीटरसन बिल्डर्स या गोदीत एकाच आराखड्याची चार जहाजं बांधली गेली: सेफगार्ड, ग्रॅस्प, सॅल्व्हर आणि ग्रॅपल. ग्रॅपल १९८४च्या डिसेंबरात पाण्यात उतरलं आणि १५ नोव्हेंबर १९८६ रोजी नौदलात दाखल झालं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच नावाचं आणि याच कामाचं आणखी एक जहाज नौदलाकडे होतं, म्हणजे हे घराण्यातलं नाव.

युद्धनौकेचा डौल शोधायला गेलात तर या जहाजात तो सापडणार नाही. वेग जेमतेम १४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर. चार डिझेल इंजिनं, लांबीच्या मानाने जाडजूड बांधा. पुढच्या बाजूला साडेसात टनांची क्रेन, मागच्या बाजूला चाळीस टनांची. डेकवर पोलादी दोरखंडांची प्रचंड रिळं, पंप, वेल्डिंगचं साहित्य, आगीवर फेस मारणाऱ्या तोफा आणि पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांसाठी, म्हणजे पाणबुड्यांसाठी, हवेचा दाब वाढवता येणारा दाबकक्ष. एखादं वर्कशॉपच उचलून तरंगत ठेवलं आहे असं वाटावं. जहाजावर शंभराच्या आसपास माणसं असत आणि जहाज ज्यांच्यासाठी होतं ते पाणबुडे त्यांच्यातच असत.

रुतलेलं कसं सोडवतात

कोकणात कुणीही सांगेल की होडी रेतीत रुतली तर भरतीची वाट बघावी, आणि फारच वर चढली असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची. मोठ्या जहाजालाही हाच नियम. पाण्यात असताना जहाजाचं सगळं वजन पाणी पेलतं. ते वाळूवर किंवा खडकावर चढलं की त्यातला काही भार जमिनीवर येतो. हा भार जितका जास्त, तितकं घर्षण जास्त आणि ओढायला लागणारा जोरही तितकाच जास्त. म्हणून आधी हिशोब होतो: जमिनीवर किती टन टेकले आहेत? त्यातले किती तेल काढून, माल उतरवून कमी करता येतील? उधाणाचं पाणी किती उचलेल? एवढं करून जे उरेल तेवढंच ओढायचं.

ओढण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. फक्त इंजिनाच्या ताकदीने ओढायचं म्हटलं तर जोर पाण्याला रेटून मिळवावा लागतो, आणि पाणी काही घट्ट नाही. म्हणून सॅल्व्हेज जहाज आधी खोल पाण्याच्या बाजूला आपले जड नांगर टाकतं. नांगरापासून पोलादी तार घेऊन हायड्रॉलिक ओढयंत्राने ती इंच इंच आवळत जातात. अशी एक तार सुमारे पन्नास टनांचा जोर लावू शकते आणि अशा अनेक तारा एकाच वेळी लावता येतात. आता ओढ पाण्यावर अवलंबून नसते, समुद्राच्या तळाला धरून असते. शिवाय ताणलेली तार तासन् तास ताण धरून राहते. मग भरती चढते आणि रुतलेलं जहाज एखाद्या क्षणी कण्हल्यासारखा आवाज करून हलतं. ताणलेली तार तुटली तर ती चाबकासारखी उलटते आणि वाटेत आलेल्या माणसाला उभा चिरते. त्यामुळे तारेच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही हा नवख्या खलाशाचा पहिला धडा.

आठ आठवडे, तीन नौका, एक झोळ

ग्रॅपलला नौदलात येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. इराण-इराक युद्ध चालू होतं, पर्शियन आखातात सुरुंग पेरले जात होते. २४ जुलै १९८७ रोजी ब्रिजटन हे अजस्र तेलवाहू जहाज अमेरिकी युद्धनौकांच्या संरक्षणात जात असताना सुरुंगावर आदळलं. अमेरिकेच्या लक्षात आलं की सुरुंग काढणाऱ्या नौका तिथे हव्यात आणि आपल्याकडे आहेत त्या १९५०च्या दशकातल्या, लाकडी बांधणीच्या. लाकडी कशाला? कारण बरेच सुरुंग जहाजाच्या लोखंडामुळे बदलणारं चुंबकीय क्षेत्र ओळखून फुटतात. लाकडी नौका त्यांना सहसा जाणवत नाही. पण इतक्या जुन्या, छोट्या नौकांनी स्वतःच्या इंजिनावर अटलांटिक ओलांडून आखातापर्यंत जायचं तर पोहोचेपर्यंत त्यांची इंजिनं थकून जायची.

मग इनफ्लिक्ट, फिअरलेस आणि इलूसिव्ह या तीन नौका ग्रॅपलच्या मागे बांधल्या गेल्या. व्हर्जिनियातल्या लिटल क्रीकहून निघून सुमारे १०,००० मैल, आठ आठवडे हे ओढणं चालू होतं.

रस्त्यावर बंद पडलेली जीप ओढणं आणि समुद्रात नौका ओढणं यात मोठा फरक आहे. समुद्रात दोन्ही जहाजं लाटांवर वर-खाली होतात, एकाच वेळी नाही, आपापल्या लयीत. मधली तार ताठ असेल तर पुढचं जहाज लाटेवरून उतरताना आणि मागचं चढताना असा झटका बसेल की तार किंवा खुंट यांपैकी एक जाईल. म्हणून तार शेकडो मीटर लांब आणि मुद्दाम जड ठेवतात. तिला स्वतःच्या वजनाने पाण्यात खोल झोळ पडतो. झटका आला की आधी झोळ थोडा सरळ होतो, जोर तिथेच जिरतो, आणि लाट ओसरली की झोळ परत पडतो. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी आई थोडी सैल का बांधायची, त्यामागचं गणित हेच. फक्त इथे झोळ उथळ पाण्यात तळाला घासू नये याचीही काळजी घ्यावी लागते, आणि तीन नौका मागे असतील तर तीन तारा एकमेकींत गुंतू नयेत याचीही. आठ आठवडे रात्रंदिवस कुणीतरी मागे नजर लावून बसलेलं असणार. या प्रवासात एकही गोळी झाडली गेली नाही म्हणून बातम्यांत त्याला जागा कमी मिळाली. मला मात्र ग्रॅपलच्या आयुष्यातलं हे अवघड कामांपैकी एक वाटतं.

वीस वाव खाली

१७ जुलै १९९६. न्यू यॉर्कहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूए कंपनीचं ८०० क्रमांकाचं बोइंग ७४७ उड्डाणानंतर अवघ्या बारा मिनिटांत हवेत फुटलं आणि लाँग आयलंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिकमध्ये कोसळलं. २३० माणसं होती, कुणीच वाचलं नाही. अवशेष सुमारे १२० फूट पाण्याखाली विखुरले होते. आपले मच्छीमार खोली वावेत मोजतात, एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांइतकी, साधारण सहा फूट. म्हणजे वीस वाव.

विमान अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाकडे जहाजं नसतात. म्हणून नौदलाला बोलावलं गेलं. आधी ग्रॅस्प आलं, पाठोपाठ ग्रॅपल. ब्लॅक बॉक्सवर एक छोटं यंत्र असतं, पाण्यात पडताच ते टिक-टिक असे संकेत सोडू लागतं. त्याची कंपनसंख्या ३७.५ किलोहर्ट्झ, माणसाच्या कानापलीकडची, म्हणून ऐकायला वेगळं उपकरण लागतं. बॅटरी तेव्हा तीस दिवसांची असायची. २४ जुलैच्या रात्री ग्रॅस्पच्या पाणबुड्यांनी दोन्ही ब्लॅक बॉक्स शोधून वर आणले. पण खरं काम तिथून पुढे, महिनोन् महिने चाललं. चार हजारांहून जास्त बुड्या मारल्या गेल्या. आणि अग्रक्रम ठरलेला होता: आधी माणसं, मग विमान.

वीस वाव म्हणजे काय ते जरा थांबून पाहू. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३६ मीटरवर तो जमिनीवरच्या साडेचार पटींहून थोडा जास्त असतो. पाणबुड्याने त्याच दाबाची हवा श्वासात घेतली तरच त्याची छाती चालते. पण दाबाखालची हवा घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी जागेवर असेपर्यंत पाणी शांत असतं, वायू आत विरघळून असतो. गोटी दाबली की दाब एकदम उतरतो आणि फसफसून बुडबुडे येतात. पाणबुडा घाईने वर आला तर हेच त्याच्या रक्तात होतं. बुडबुडे सांध्यांत अडकतात, मज्जारज्जूत अडकतात, माणूस कायमचा पंगू होऊ शकतो, मरूही शकतो. याला बेंड्स म्हणतात.

म्हणून वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावं लागतं. अमेरिकी नौदलाच्या त्या वेळच्या तक्त्यानुसार १२० फुटांवर असे थांबे न घेता फक्त पंधरा मिनिटं काम करता येत असे. पंधरा मिनिटांत गाळ, तुटक्या पत्र्यांच्या धारदार कडा आणि मैलोन् मैल विजेच्या तारांच्या गुंत्यात काय होणार? जास्त वेळ राहायचं तर वर येताना पाण्यात लटकत थांबे घ्यायचे, नाहीतर दुसरा मार्ग: थोडा थांबा घेऊन वर यायचं आणि पाच मिनिटांच्या आत डेकवरच्या दाबकक्षात शिरायचं. तिथे पुन्हा दाब वाढवून शुद्ध प्राणवायू देत देत शरीर हळूहळू मोकळं करायचं. घड्याळावर नजर ठेवून, ओला सूट काढता काढता, पाच मिनिटांत. डेकवरचे सोबती यात चुकले तर खालच्या पाणबुड्याचं कौशल्य काही कामाचं नाही.

असा पाणबुडा पाठीवर टाकी घेऊन जात नाही. त्याच्या हेल्मेटला वरून जाडजूड नळ्यांचा जुडगा आलेला असतो: हवा, टेलिफोन, दिवा, खोली मोजायची नळी आणि थंड पाण्यात अंगावर सोडायचं कोमट पाणीसुद्धा. पाणबुड्यांच्या बोलीत या जुडग्याला नाळ म्हणतात. पोटातल्या बाळाइतकाच तो माणूस वरच्यांवर अवलंबून असतो. धारदार पत्र्यांच्या ढिगात ती नाळ घासली जाऊ नये, अडकू नये, हे त्याने प्रत्येक पावलाला पाहायचं आणि समोर दिसेल ते पाहायचं. जे दिसत असेल ते शब्दांत मांडण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

सगळ्या २३० जणांची ओळख पटली. विमानाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग वर आला. लाँग आयलंडवरच्या कॅल्व्हर्टन इथल्या हँगरमध्ये तुकड्याला तुकडा जोडून विमानाचा मधला भाग पुन्हा उभा केला गेला. सुरुवातीला बॉम्बचा संशय होता, क्षेपणास्त्राचीही चर्चा होती. धातू कुठे आतून बाहेर वाकला, काजळी आधी धरली की तुकडे झाल्यावर, हे त्या जोडलेल्या पत्र्यांवरून वाचता आलं. ऑगस्ट २००० मध्ये चौकशी मंडळाने निष्कर्ष काढला: पंखांच्या मधल्या, जवळजवळ रिकाम्या इंधनटाकीत तापलेल्या वाफेचा स्फोट झाला, आणि ठिणगी बहुधा टाकीबाहेरच्या विजेच्या तारांतल्या शॉर्टसर्किटमधून इंधन मोजणाऱ्या तारांमार्गे आत गेली. पुढे २००८ मध्ये अमेरिकेने नियम केला की मोठ्या प्रवासी विमानांच्या अशा टाक्यांतली वाफ पेट घेणार नाही अशी व्यवस्था हवी. यासाठी टाकीत नायट्रोजनचं प्रमाण जास्त असलेली हवा सोडतात. ज्या नायट्रोजनने पाणबुड्यांना पाच-पाच मिनिटांची शर्यत लावली, तोच आता टाकीत राहून प्रवाशांना सांभाळतो.

दोनच वर्षांनी पुन्हा तसंच बोलावणं आलं. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचं १११ क्रमांकाचं विमान कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या पेगीज कोव्हजवळ पडलं, २२९ मृत्यू. पाण्याची खोली सुमारे ५५ मीटर. ग्रॅपल कॅनडाच्या नौदलाच्या मदतीला गेलं. या जहाजावरच्या पाणबुड्यांची, वरून येणाऱ्या हवेवर काम करण्याची मर्यादा १९० फूट, म्हणजे ५८ मीटर. म्हणजे काम मर्यादेच्या अगदी काठावर चाललं होतं. इतक्या दाबाखाली नायट्रोजन आणखी एक खोडी करतो, डोक्यावर दारूसारखा अंमल चढवतो. साधी गाठ मारायलाही विचार करावा लागतो, आणि गंमत म्हणजे माणसाला वाटत असतं की आपलं सगळं छान चाललंय. या विमानातला दोषही तारांपासून सुरू झाला होता. आग छताच्या वरच्या भागात लागली आणि तिथल्या पत्र्यासारख्या चकचकीत आवरणाने ती पसरवली. नंतर ते आवरण विमानांतून काढून टाकण्याचे आदेश निघाले.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी इजिप्तएअर ९९० नॅनटकेट बेटाच्या दक्षिणेला कोसळलं, २१७ जण गेले. इथे तळ पाणबुड्यांच्या मर्यादेखाली होता आणि समुद्र खवळलेला. ग्रॅपलवरून ‘डीप ड्रोन’ नावाचं दूरनियंत्रित यंत्र खाली सोडलं गेलं. दिवे, कॅमेरे, दोन यांत्रिक हात. ९ नोव्हेंबरला त्याने विमानाचा माहिती-रेकॉर्डर वर आणला. वर जहाजावर बसून पडद्याकडे पाहत, दोराच्या टोकाला काहीतरी लागेपर्यंत चाचपडायचं. माझ्या डोळ्यांसमोर इथे विहिरीचा काठच येतो.

ग्रॅपलनंतर

२००६ मध्ये ग्रॅपल नौदलाच्या थेट सेवेतून निघून लष्करी सागरी वाहतूक विभागाकडे गेलं. तेव्हापासून जहाज चालवणारे खलाशी नागरी, आणि मोहिमेनुसार वर चढणारे पाणबुडे नौदलाचे. नावापुढचं ‘यूएसएस’ जाऊन ‘यूएसएनएस’ लागलं. २०१६ मध्ये जहाज सेवेतून निवृत्त झालं.

आपल्याकडे हे काम कोण करतं, असा प्रश्न इथपर्यंत वाचणाऱ्याला पडणारच. भारतीय नौदलात १९७१ साली सोव्हिएत संघाकडून आलेलं एक जहाज दाखल झालं, त्याचं नावच ‘निस्तार’. त्याच वर्षी डिसेंबरच्या युद्धात पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, तेव्हा तिच्या अवशेषांपर्यंत जाणाऱ्या कामात हे जहाज होतं. १९८९ मध्ये ते निवृत्त झाल्यावर ही जबाबदारी ‘निरीक्षक’ने उचलली. निरीक्षक मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेलं. या जहाजावरून भारतीय पाणबुड्यांनी २५७ मीटर खोल बुडी मारली आहे.

ग्रॅपलच्या ५८ मीटरांपुढे हा आकडा अशक्य वाटेल. त्याची युक्ती अशी: शरीरात वायू एका मर्यादेपर्यंतच विरघळतो, नंतर तितकाच राहतो. मग दर बुडीला वर-खाली कशाला करायचं? पाणबुडे दिवसच्या दिवस जहाजावरच्या दाबकक्षातच राहतात, जेवतात, झोपतात. कामाला ‘घंटा’ म्हणतात त्या बंद कोठडीतून खाली जातात, त्याच दाबात परत येतात. दाब उतरवतात तो सगळं काम संपल्यावर एकदाच, आणि त्याला काही दिवस लागतात. नायट्रोजनऐवजी हेलियम वापरतात, म्हणून डोकं शाबूत राहतं.

खोली कमी असली म्हणजे काम सोपं असं मात्र नाही. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत सिंधुरक्षक या पाणबुडीत स्फोट झाले, ती धक्क्यालाच बुडाली आणि आत अडकलेले अठरा नौसैनिक गेले. पाणी थोडंच खोल, पण बंदराचा गाळ असा की पाणबुड्याला स्वतःचा हात दिसेना. आतलं लोखंड उष्णतेने वितळून वाकलेलं, दरवाजे जॅम. नौदलाच्या पाणबुड्यांनी त्या अंधारात हाताने चाचपत शोध घेतला. पाणबुडी अखेर जून २०१४ मध्ये वर काढण्यात आली.

१८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणममध्ये नवं निस्तार नौदलात दाखल झालं. हिंदुस्तान शिपयार्डने तिथेच बांधलेलं, सुमारे ११८ मीटर लांब, ३०० मीटरपर्यंत पाणबुडे उतरवू शकणारं. एखादी पाणबुडी खोल समुद्रात अडकली तर आतल्या माणसांना जिवंत बाहेर काढणाऱ्या छोट्या बचावनौकेला घेऊन जाणं, हेही आता त्याचं काम आहे.